सान्वी पाष्टे, दुसरी ब

"वाचेल की! न वाचायला काय झालं, बाई? तुम्ही फक्त पाठवा," सुगंधा फोनवर बोलून गेली, आणि फोन ठेवल्यावर तिनं जीभ चावली.

जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. दोन वर्षांनी सोमवारी शाळा उघडणार होती. पाहुणे येणार होते, मुलांचं फुलं देऊन स्वागत होणार होतं, आणि त्या वेळी दहा ओळींचं स्वागताचं वाचन दुसरी ब मधल्या सान्वी महिपत पाष्टेनं करावं असं संजना बाईंनी ठरवलं होतं. "सान्वीसारखं वाचन वर्गात कुणाचंच नाही हो," बाई म्हणाल्या होत्या. आता यावर कुठली आई नाही म्हणेल?

जिच्या वाचनाचं हे कौतुक चाललं होतं ती दारात उजेडाला बसली होती. मांडीवर पत्र्याचा ट्रे. ट्रेमध्ये कानातल्यांचे सांगाडे ओळीनं मांडलेले. मेणाच्या काडीनं एकेक पांढरा खडा टिपायचा, गमच्या थेंबावर ठेवायचा, नखानं हलकेच दाबायचा. साडेसात वर्षांची पोर, पण हात असा चालत होता की बघत राहावं.

"कोण होतं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"बाई होत्या."

"तुझ्या बाई?"

"माझ्या कशाला असतील? तुझ्या!" सुगंधा खेकसली. पोरीनं पुढचा खडा उचलला.

आता हे असं कसं झालं ते सांगायला पाहिजे. ठरवून कुणी असं करत नाही हो. सान्वीचं नाव पहिलीत घातलं आणि कोरोनामुळं शाळा बंद ती बंदच राहिली. महिपत भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या गाळ्यात होता, तो गाळाही बसला. मोरव्यातल्या चाळीची एक खोली, त्यात तिघं जण आणि एक फोन. मग चार घरं सोडून राहणाऱ्या हंसाबेनकडून सुगंधानं इमिटेशनच्या दागिन्यांचं काम घरी आणलं. नवरा पुढे कामाला जायला लागला तरी फोन घरीच ठेवून जायचा, पोरीची शाळा बुडायला नको म्हणून. सकाळी अकरा वाजले की फोन डब्याला टेकवून उभा करायचा, कॅमेरा बंद ठेवायचा कारण त्याशिवाय नेट पुरत नसे, आणि आईनं खडे लावत लावत पोरीवर लक्ष ठेवायचं.

पोर कसली बसतेय! पाच मिनिटांत पाय हलायचे, दहा मिनिटांत ती दाराबाहेर. बाईंनी प्रश्न विचारला की सुगंधा कानात उत्तर सांगायची, सान्वी ते फोनमध्ये बोलायची. पुढे पुढे कानात सांगायचाही कंटाळा आला. सुगंधाचा आवाज मुळातच बारीक. फोनमधून कोण ओळखतंय? ती स्वतःच उत्तर द्यायला लागली. मग हंसाबेनचा माल संध्याकाळपर्यंत द्यायचा होता तेव्हा एकदा म्हणाली, "तू जरा हे खडे लाव, मी तेवढं लिहून टाकते." पोर हरखली. खेळच तो तिला. आई चार खडे लावी तोवर ती सहा लावायची. आणि आईच्या हातात पेन्सिल आली.

सुगंधा चौथीत पहिली आली होती. पाचवीची शाळा खाडीच्या पलीकडे होती, तरीतून जावं लागायचं. बाप म्हणाला, पोरीच्या जातीला पाण्यावरनं रोज कोण पाठवणार, आणि तिथेच शाळा संपली. तिच्यासाठी कुणी भांडलं नाही, ती पण भांडली नाही. पण भूक होती ना आत! दोन वर्षं ती रोज अकराला हात धुऊन, पदर सावरून फोनसमोर बसायची. वही डाव्या हातानं लिहायची, अक्षर लहान मुलासारखं यावं म्हणून. वहीचा फोटो गेला की बाईंचं उत्तर यायचं, 'शाब्बास सान्वी!' सुगंधा ते दिवसातून चारदा उघडून बघायची. 'माझी आई' या विषयावर पाच ओळी लिहा म्हणून सांगितलं, तर हिनं स्वतःच्या आईवर दोन पानं लिहिली. बाईंनी ती अख्ख्या वर्गाला वाचून दाखवली. त्या दिवशी सुगंधाला जेवण गेलं नव्हतं, इतका आनंद झाला होता. आणि हे सगळं चालू असताना पोर शेजारी बसून खडे लावत होती. आपण कुणाच्या ताटातलं खातोय हे सुगंधाला एकदाही सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, तिनं सुचू दिलं नाही.

वर्ग सुरू झाला की बाई हजेरी घ्यायच्या. एकतीस नावं, प्रत्येकाला काहीतरी बोलायच्या. बंटी नावाच्या पोराला रोज, "बंटी, म्यूट काढ!" त्याच्यानंतर राई गावचा साईराज भोईर, तो कायम उशिरा यायचा. त्याला बाई लाडानं म्हणायच्या, "साईराज, उठला नाहीस का रे अजून?" की फोनमधून सगळी पोरं खिदळायची, खडे लावणारी सान्वीसुद्धा. दिवाळीनंतर साईराजला डेंग्यू झाला आणि चार दिवसांत तो गेला. ग्रुपवर फोटो आला, खाली हात जोडलेल्या खुणा आल्या. सुगंधानं तो फोटो लगेच पुसला. पोर घाबरेल म्हणून तिनं सांगितलं, साईराज गावाला गेला. त्यानंतर बाईंनी तोंडी हजेरी घेणंच सोडलं. ग्रुपवर 'हजर' लिहा म्हणाल्या.

शनिवारी दुपारी स्वागताच्या ओळींचा फोटो आला. सुगंधानं दाराला कडी घातली, ट्रे बाजूला सारला आणि पोरीला समोर बसवलं.

"हां, वाच."

सान्वी फोनकडे बघायच्याऐवजी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"माझ्या तोंडावर लिवलंय? हिकडे बघ. हे काय?"

"क?"

"आणि हे?"

"ते पण क." मग आईचे डोळे बघून, "न? थांब. म?"

स्वतःचं नाव तिला येत होतं. तेही चित्र काढावं तसं. बाकी दोन वर्षांच्या शाळेनं तिला काहीएक दिलं नव्हतं. सुगंधाला ठाऊक नव्हतं असं म्हणायला तोंड नव्हतं, पण इतकं! तिनं पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. घातल्यावर तिलाच रडू आलं. सान्वी मात्र रडली नाही. ती म्हणाली, "आई, मी तो हाराचा माल करू? तो बारीक हाय, तुला दिसत नाय."

मग दुसरा मार्गच नव्हता. पाठांतर. सुगंधानं एकेक ओळ म्हणायची, पोरीनं मागून म्हणायची. "आदरणीय मुख्याध्यापक, मान्यवर पाहुणे, माझ्या गुरुजनांनो आणि बालमित्रांनो..." पोर काही मठ्ठ नव्हती. मठ्ठ असती तर एवढं वाईट वाटलं नसतं. रविवारी दुपारपर्यंत तिनं दहाच्या दहा ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. कागद कसा धरायचा, मधेच खाली कसं बघायचं, एक ओळ संपली की बोट कसं सरकवायचं, हेसुद्धा आईनं शिकवलं. असली लबाडी पोटच्या पोरीला शिकवताना आपला आवाज किती गोड झालाय हे तिचं तिलाच जाणवलं, आणि तिला स्वतःची किळस आली. तरी तिनं थांबवलं नाही.

संध्याकाळी हंसाबेन माल घ्यायला आल्या. ट्रे बघून खूश झाल्या. "सुगंधाबेन, छोकरी का हाथ तो मशीन है, सच्ची! अब स्कूल जाएगी तो मेरा माल कौन बनाएगा?"

"मैं है ना," सुगंधा म्हणाली.

"तुमारे में वो सफाई किधर!" हंसाबेन हसल्या आणि पोरीच्या गालाला हात लावून गेल्या.

महिपत घरी आला तो हातात बुटांचा खोका घेऊन. पॉलिशच्या धुळीनं काळं झालेलं तोंड धुवायच्या आधी त्यानं पोरीच्या पायात बूट घालून बघितले. सातवीला दोनदा बसून शाळा सोडलेला माणूस. त्याला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. "गाळ्यात सगळ्यांना सांगितलं मी. फोरमन बोलला, पाष्टे, तुझ्या घरात कलेक्टर जन्माला आलाय. उद्या हाफ डे घेतलाय. व्हिडिओ काढतो, गावाला पाठवतो. काय गो, बोलत का नायस?"

"काय बोलू?" सुगंधा म्हणाली. "झोपा आता. सकाळी लवकर उठायचंय."

सोमवारी शाळेच्या फाटकाला झेंडूचं तोरण होतं. शिपाईमामा प्रत्येकाच्या कपाळाला तापमापी लावत होते, हातावर सॅनिटायझर ओतत होते. पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, मागे पालकांना बाकं. सगळ्यात गंमत म्हणजे पोरं एकमेकांना ओळखतच नव्हती. दोन वर्षं एका वर्गात, पण तोंडं कुणी पाहिलेली नाहीत आणि आता तर तोंडावर मास्क. एकानं "बाई" अशी हाक मारली तर आवाजावरून ओळखून दुसरा ओरडला, "अरे, हा तर बंटी!"

संजना बाई गोऱ्या, ठेंगण्या, पन्नाशीच्या. त्यांनी सान्वीला जवळ घेतलं. "तू आमची सान्वी? केवढीशी आहेस गं! फोनवर किती मोठी वाटायचीस." आणि सुगंधाकडे बघून म्हणाल्या, "फार मेहनत घेतलीत हो तुम्ही."

सुगंधानं हसून पोरीचा मास्क सारखा केला.

बाकावर तिच्या पुढच्याच रांगेत सुचेता भोईर बसली होती. साईराजची आई. सुगंधानं तिला ग्रुपवरच्या फोटोत पाहिलं होतं म्हणून ओळखलं. तिची धाकटी ओवी पहिलीत होती, तिला सोडायला ती आली होती. नवरा शिवा मागे भिंतीला टेकून उभा होता. सुचेताच्या गळ्यात काळी पोत तेवढी, डोळे कोरडे. ओवी उठून आपल्या वर्गाच्या सतरंजीवर जाऊन बसली तरी सुचेताचा हात बाकावर तिच्या जागी तसाच होता.

पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, मुख्याध्यापक उत्तम सरांनी नाव पुकारलं आणि सान्वी नवे बूट वाजवत पुढे गेली. कागद दोन्ही हातांत धरला. आणि काय सांगू, पोरीनं अशी खणखणीत सुरुवात केली की पाहुण्यांनी मान वर केली. शिकवलं होतं तिथे खाली बघितलं, शिकवलं होतं तिथे बोट सरकवलं. शेवटचं "जय हिंद, जय महाराष्ट्र" झालं तशा टाळ्या पडल्या. महिपत फोन उंच धरून व्हिडिओ काढत होता. सुगंधानं दोन दिवसांत पहिल्यांदा पुरता श्वास घेतला. सुटलो रे देवा! आता रोज घरी बसवून शिकवीन, चार महिन्यांत आणीन तिला वर, कुणाला कळणार पण नाही.

"आणि आता," संजना बाई माइकवर म्हणाल्या, "दुसरी ब च्या मुलांना पाहुण्यांच्या हस्ते गुलाब. नावं आपली सान्वीच वाचेल. सान्वी, एक नाव वाचायचं, तो मुलगा येऊन फूल घेऊन गेला की मग पुढचं. बरं का?" त्यांनी तिच्या हातात दुसरा कागद दिला.

हे नावांचं तर सुगंधाला कुणी सांगितलंच नव्हतं. पोरीनं कागद घेतला, उलटसुलट बघितला. एकदा गर्दीत आईला शोधलं. आणि तोंड उघडलं.

"अथांग विजय घरत."

एक पोरगा उठला, फूल घेऊन गेला.

"अनुजा दीपक चौकेकर."

अनुजा उठली.

अगं बाई! वाचतेय की! सुगंधाचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. तिसरं नाव, चौथं नाव. एकही चुकेना. आपण उगाच पोरीला कमी लेखलं. ऐकून ऐकून, बघून बघून आलं असेल तिला. महिपतनं तिला कोपर मारलं. "बघितलंस? माझी वाघीण!" सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बंटी राजेश मोकल," सान्वीनं पुकारलं, आणि त्याच सुरात, त्याच दमात पुढे म्हणाली, "बंटी, म्यूट काढ!"

अख्खं पटांगण हसलं. पाहुणे हसले, संजना बाईंनी हसून कपाळाला हात लावला. काय गोड नक्कल केली पोरीनं! सुगंधा तेवढी हसली नाही. हा सूर बाईंचा होता. हे वाचन नव्हतं. दोन वर्षं खडे लावता लावता पोरीच्या कानात रोज जी हजेरी पडत होती ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तिला पाठ होती, आणि ती तीच म्हणत होती. पोरीच्या हातातला कागद काही ती वाचत नव्हती.

आणि बंटीच्या नंतर कोण, ते सुगंधालाही पाठ होतं.

बंटी आपल्या जागेवरून उठत होता. दहा पावलं पुढे, फूल घ्यायचं, दहा पावलं मागे. तेवढा वेळ होता. उठून "थांब" म्हणून ओरडलं असतं तरी पुरलं असतं. पण ओरडलं तर का ओरडलं ते सांगावं लागलं असतं. शेजारी महिपत व्हिडिओ काढत होता. पुढच्या बाकावर सुचेताची मान दिसत होती. कदाचित विसरेल पोर, कदाचित गाळेल, असं सुगंधानं मनात म्हटलं आणि ती बसून राहिली. पुढे कितीतरी दिवस तिला बाकी सगळ्याची माफी स्वतःजवळ मागता आली, या बसून राहण्याची नाही.

"साईराज शिवा भोईर."

कुणी उठलं नाही. हसणं अजून पुरतं थांबलं नव्हतं. सान्वी थांबली. बाईंनी सांगितलं होतं, फूल घेऊन गेला की मग पुढचं.

"साईराज शिवा भोईर!" ती मोठ्यानं म्हणाली. मग मान वाकडी करून, अगदी बाईंच्या लाडिक आवाजात, "साईराज, उठला नाहीस का रे अजून?"

आता कुणीच हसलं नाही. पाहुण्यांच्या हातात गुलाब तसाच राहिला.

मग पुढच्या बाकावरून सुचेता उठली. पदर खांद्यावर घेतला, पोरांच्या मधून वाट काढत पुढे गेली आणि पाहुण्यांसमोर हात पुढे केला. त्या भल्या माणसाला काय चाललंय ते कळलं नव्हतं. त्यानं फूल दिलं. तिनं ते घेतलं, आणि परत जागेवर यायचं सुचेना तशी तिथेच बाजूला उभी राहिली.

"लाज हाय का तुमाना?" मागून शिवा भोईर ओरडला. "तीन महिनं झालं पोर जाऊन! नाव कमी कराला अजून टायम न्हाय भेटला? वर त्याची मस्करी करताव?"

पालकांत कुजबुज सुरू झाली. उत्तम सर तरातरा आले. "बाई, यादी कुणी केली? हे काय आहे?"

संजना बाईंनी सान्वीच्या हातातून कागद घेतला. एकदा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग त्यांनी पोरीकडे बघितलं. पोर भेदरून बुटांकडे बघत होती. बाईंनी कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली आणि मूठ मिटली.

"चूक माझी आहे, सर," त्या म्हणाल्या. "जुनी यादी आली."

"लेखी खुलासा द्यावा लागेल तुम्हाला. एवढ्या लोकांसमोर!"

"देते."

म्हणजे मिटलं होतं. बाईंनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. सुगंधानं फक्त गप्प बसायचं होतं, जशी मघाशी बसली होती. पण महिपत उठला. "साला, बाईंची चूक आणि आमची पोरगी तोंडघशी! थांब, मी सांगतो त्यांना," असं म्हणत तो बाह्या सावरत निघाला.

सुगंधानं त्याचा शर्ट मागून धरला आणि स्वतः पुढे गेली.

"बाईंची चूक नाय," ती म्हणाली. माइक जवळच होता, आवाज सगळीकडे गेला. "त्या कागदावर ते नाव नाय, सर. पोरीला वाचायला येत नाय. तिनं पाठ हजेरी म्हटली. फोनवर ऐकून ऐकून. साईराज गेला ते मी तिला सांगितलं नव्हतं."

"येत नाही म्हणजे?" उत्तम सर म्हणाले. "आत्ता तर एवढं वाचलं."

"ते पण पाठ."

संजना बाईंनी हळूच विचारलं, "मग दोन वर्षं मी शिकवत कुणाला होते?"

"मला, बाई."

"वह्या?"

"मीच लिहिल्या."

"'माझी आई' पण?"

"माझ्या आईवर निबंध होता तो. गेली ती. नायतर तिला दाखवला असता."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला नाही. मघाशी वाघीण म्हणणारा महिपत बाकांच्या मधे उभा होता. त्याच्या हातातला फोन अजून चालू होता आणि जमिनीचा व्हिडिओ निघत होता.

सुगंधा सुचेताकडे वळली. हात जोडले. सुचेतानंच विचारलं, "पोरीला माराल घरी नेऊन?"

सुगंधानं नाही म्हणून मान हलवली.

"नका मारू. तीन महिन्यांत माझ्यापुढं कुनी त्याचं नाव काढला न्हाय. घरान पन न्हाय." तिनं हातातल्या फुलाकडे बघितलं. "हिनं बलवला तं वाटलं, येल तो."

घरी येताना महिपत दहा पावलं पुढे चालत होता. चाळीच्या तोंडाशी तो थांबला, बायकोकडे न बघता म्हणाला, "हाफ डे कॅन्सल करतो," आणि तसाच कामावर गेला. सुगंधाला वाटलं, ओरडला असता, एक ठेवून दिली असती तरी बरं झालं असतं.

सान्वीनं बूट काढले, खोक्यात नीट ठेवले. हात धुतले आणि ट्रे ओढून बसली. सुगंधानं ट्रे काढून घेतला. पोरीनं काही हट्ट केला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, मला नाय जायचं शाळेत. तू जा ना. तुला येतं सगळं. मी खडे लावीन."

शहाण्या माणसानं समजूत घालावी तसं बोलली ती. सुगंधानं तिला पोटाशी धरलं आणि मग तिला आवरेना. चाळीत ऐकू जाईल म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबून ती रडली. पोर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बोटांची टोकं गमनं अशी कडक झाली होती की साडीला अडकत होती.

संध्याकाळी तिनं राहिलेला सगळा माल हंसाबेनच्या दारात नेऊन ठेवला. हंसाबेननी बरंच समजावलं, जरा चिडल्याही. सुगंधा म्हणाली, "दूसरा कुछ काम होगा तो बोलो. घर में लाने का नहीं."

संजना बाईंनी निरोप धाडला होता. रोज पहिले दोन तास सान्वीला पहिलीच्या वर्गात बसवू, अक्षरओळखीपासून सुरू करू. बाकी एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सुगंधा पोरीला घेऊन गेली. पहिलीचा वर्ग वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून. सान्वी दारातच अडली. आतली पोरं तिच्यापेक्षा हातभर लहान. कालचा प्रकार सगळ्यांनी पाहिलेला. एक जण तर म्हणालाच, "ती बघ, खोटं वाचणारी!"

पहिलीच्या बाईंनी आत बोलावलं. बसायला शेवटच्या बाकावर एकच जागा होती, ओवी भोईरच्या शेजारी. सान्वी बाकाच्या अगदी कडेला टेकली. तिनं दप्तर मांडीवर घट्ट धरलं आणि मान खाली घातली.

सुगंधानं निघायला पाहिजे होतं. बाकीच्या आया केव्हाच गेल्या होत्या. पण ती जिन्याच्या वळणावरच्या खिडकीशी थांबली. तिथून शेवटचा बाक दिसत होता. बाईंनी फळ्यावर ओळ लिहिली आणि पुस्तक उघडायला सांगितलं. सगळी पोरं एका सुरात म्हणायला लागली. सान्वीचं पुस्तक उघडं होतं, पण डोळे पुस्तकात नव्हते. ती बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होती, या पोरावरून त्या पोरावर, आणि अर्ध्या अक्षरानं मागे राहून ओठ हलवत होती.

ओवीनं ते बघितलं. सहा वर्षांची ती पोर जवळ सरकली. तिनं सान्वीचं बोट धरलं, पानावर ओढून नेलं आणि एका अक्षरावर टेकवलं. तिथे ते दाबून धरलं.

सुगंधाला ते अक्षर येत होतं. ती खिडकीपासून बाजूला झाली आणि जिना उतरायला लागली.